उसनवारीची वही

बेळगावशेजारच्या खानापूरच्या एका मुलीने विचारलंय. चित्रकलेचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली. सोबत चार चित्रं पाठवलीत, त्यावरून हात चांगला आहे हे दिसतंच. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, रोज मोबाईलवर शंभर चित्रं बघते आणि बघून झाली की स्वतःचं काही काढावंसंच वाटत नाही. कोरा कागद घेऊन नुसती बसते. तुम्ही चाळीस वर्षं बेळगाव सोडलं नाहीत, मग तुम्हाला प्रेरणा मिळते कुठून? आमच्या गावात तर बघण्यासारखं काहीच नाही."

शेवटच्या वाक्याला मी हसलो, रागावू नकोस. खानापूरकडे नंतर येतो.

आधी त्या शब्दाचं बघू. प्रेरणा हा शब्द सत्काराच्या भाषणात शोभतो, कामाच्या टेबलावर त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी उसनवारी म्हणतो. शेजारून वाटीभर साखर आणतो ना, तशी. आणि अडल्याशिवाय कुणी उसनं मागायला जात नाही. चुलीवर आधण ठेवलेलं असतं, पाहुणे दारात आलेले असतात, डबा उघडला तर रिकामा, तेव्हा आपण वाटी घेऊन उठतो. तू आधण ठेवलेलंच नाहीस, आणि दिवसभर वाण्याच्या दुकानासमोर उभी आहेस. मग साखरेचा वीट येणार नाही तर काय होणार?

गणपत गल्लीत दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या येतात. त्यातली एक मी दरवर्षी घेतो. तीन रकाने पाडतो: कुणाकडून, काय, कशासाठी. पहिले दोन रकाने कुणीही भरेल. तिसरा रिकामा राहिला की महिनाअखेरीस मी ती नोंद खोडतो, मग ती कितीही सुंदर गोष्टीची असो. पहिल्या दोन वर्षांच्या वह्या अशा खोडलेल्या नोंदींनीच भरल्यात. सूर्यास्त, सूर्यास्त, किल्ल्याचा खंदक, परत सूर्यास्त.

न खोडलेली सर्वांत जुनी नोंद एका बोर्ड रंगवणाऱ्याची आहे. बारावीत आपटल्यावर वडिलांनी मला शहापुरातल्या एका पेंटरमामांच्या हाताखाली ठेवलं. तेव्हा दुकानाच्या पाट्या हातानेच रंगवायच्या. पत्र्यावर निळा इनॅमल मारून दोन दिवस वाळू द्यायचा, मग खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून मध्ये टिचकी मारायची की पत्राभर सरळ पांढरी रेघ. त्यावर अक्षरं. बेळगावच्या पेंटरला मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिप्या याव्याच लागत. कुठली वर आणि कुठली मोठी यावरून या गावात काय काय घडतं ते तुला मी सांगायला नको. मामा त्या भानगडीत पडत नसत, गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं. पण लिप्यांबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मराठी वाळत घालायचं, कन्नड मांडायचं."

मला ते कळायला महिना लागला. देवनागरी शिरोरेघेला लोंबते. वरचा काठ सरळ, खालचा उकारांनी वरखाली, दोरीवर कपडे असावेत तसा. कन्नड अक्षराचं गोल पोट खाली टेकलेलं असतं आणि डोक्यावर तलेकट्टूची छोटी टोपी. ताटात लाडू मांडले तर खालची कड एका रेषेत येते, वरची येत नाही. म्हणून मराठी ओळीसाठी मामा वरची रेघ मारत आणि कन्नडसाठी खालची. मी शेजारी उभा राहून बघत होतो तर म्हणाले, "बघालास काय नुसता? हात लाव की."

ही नोंद वहीत चढली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी, तिसऱ्या रकान्यात लिहायला काही मिळालं तेव्हा. तुमच्याच खानापूरच्या बाजाराचं मोठं चित्र करत होतो आणि ते काही केल्या बसत नव्हतं. वर ताडपत्र्या, खाली मिरच्यांचे आणि काकड्यांचे ढीग, मध्ये माणसं, सगळं हवेत तरंगत होतं. एका दुपारी मामांचं वाक्य आठवलं. वरचं सगळं एका रेषेला लोंबकळवलं, खालचं सगळं एका रेषेवर मांडलं आणि मधला पट्टा चेहऱ्यांना मोकळा ठेवला. एका संध्याकाळीत चित्र बसलं. मामा तोवर गेले होते. फ्लेक्स आल्यावर त्यांचं दुकानही बंद पडलं होतं.

आता चित्रकारांकडे. तू पत्रात ज्यांची नावं लिहिलीस ते सगळे मोठेच आहेत, पण त्यांची चित्रं तू मोबाईलच्या चार बोटं काचेवर पाहिलीस. आपल्या आसपास जे होऊन गेले त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही. हातात दिवा धरून, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी ती बाई माहीत आहे ना? अर्ध्या घरांत तिचं कॅलेंडर होतं. दहातले सात जण ते राजा रवि वर्म्याचं म्हणून सांगतात. ते सा. ल. हळदणकरांचं आहे. माणूस सावंतवाडीचा, म्हणजे आपण आंबोली घाट उतरलो की त्यांचा गाव. १९४५-४६ सालचं चित्र, समोर उभी त्यांची मुलगी गीता, आणि माध्यम जलरंग. मूळ चित्र म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात आहे. रात्रीच्या गाडीने जाऊन मी ते दोनदा पाहून आलो, आणि दोन्ही वेळा बघायला जाताना प्रश्न एकच घेऊन गेलो: पारदर्शक जलरंगात उजेड दाखवायला कोरा कागद सोडावा लागतो हे ठीक, पण दिवाच हाताआड असेल तर काय करायचं? उत्तर बोटांत सापडलं. ज्योत हाताआड जवळजवळ झाकलेलीच आहे आणि बोटांच्या कडा लालसर पेटल्यात, टॉर्चवर तळवा धरला की दिसतात तशा. उजेड ज्या वस्तूतून गाळून येतो ती वस्तू रंगवायची. वहीत एवढीच ओळ आहे. त्यावर मी तीन पावसाळे काम केलं. निळ्या ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड, केळीच्या पानातून आलेला, पावसात छत्रीखाली तोंडावर पडणारा.

आबालाल रहिमानांबद्दल तर एक अख्खी वही भरेल. कोल्हापूरचा माणूस, मुंबईला जे.जे.त शिकलेला, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार. १९२२ला महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली असं कोल्हापुरात सांगतात. लोकांना ही गोष्ट फार आवडते, आणि ती सांगून झाली की चित्रं बघायची राहूनच जातात. त्यांनी रंकाळ्याचा संध्यामठ रंगवला तो बघ. दगडी मंडप, पाणी, आभाळ, बस्स. मंडपाचा दगड तोच, बदलतो तो प्रहर. मला त्या वेळी एक दुखणं होतं, तुझ्यासारखंच. सारखा नवा विषय हवासा वाटायचा. रविवार आला की स्कूटर काढून कुठेतरी जायचं, तिथे बसायचं, परत यायचं. आबालालांकडून मी हट्ट उसना घेतला. कपिलेश्वराच्या तळ्याची एकच पायरी धरली आणि वर्षभर तीच काढली. सत्तेचाळीस कागद झाले. त्यातले बेचाळीस टाकाऊ. पण पंचविसाव्याच्या आसपास पाण्याचा रंग डोळ्यांनी दिसायला लागला, तोवर मी तो पाठ केलेला लावत होतो.

बेळगावच्या के. बी. कुलकर्णींचं नाव तू ऐकलं असशील. इथे चित्रमंदिर चालवलं आणि पिढ्या घडवल्या. १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. परांजपे पुढे जाहिरातीत आणि इलस्ट्रेशनमध्ये गेले, म्हणून आपल्याकडच्या काही शहाण्यांनी नाकं मुरडली. मला ते नाक मुरडणं कधी पटलं नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या मापात, पानावर छपाईत टिकेल असं चित्र देणं काय असतं हे एकदा करून बघावं. गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांचं तेच, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करणाऱ्या दीनानाथ दलालांचंही तेच. आजीच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर रद्दीत घालू नकोस.

जाता जाता एक. किर्लोस्कर रोडवरून तू शंभरदा गेली असशील. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायलाच जे.जे.त गेले होते. रंगांत त्यांना नीट फरक कळत नाही असं तिथे ध्यानात आलं आणि चित्रकला सुटली. मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग नांगर. उसनवारी सगळ्यांनाच फळते असं नाही, कुणाकुणाला दुसरा धंदा फळतो.

लोककलेबद्दल मला जरा जपून बोलायचंय, कारण हल्ली लोककलेतून प्रेरणा घेणं म्हणजे कुशनच्या खोळीवर वारलीची माणसं नाचवणं एवढंच उरलंय. आकार उचलायचा नसतो, काम करण्याची रीत बघायची असते. माझ्या मावशीला धारवाडकडचं सासर. ती इरकलीच्या पदरावर कशिदा काढायची, ज्याला तिकडे कसूती म्हणतात. गोपूर, तुळशीवृंदावन, रथ, अंबारीचा हत्ती. कापडावर आधी पेन्सिलने काही काढायचं नाही, धागे मोजायचे. त्यातला गवंती टाका तिने मला एकदा खिडकीत बसून दाखवला. सुई पुढे जाताना एक घर घेते, एक सोडते. रेघ तुटकतुटक दिसते, काहीतरी चुकलंय असं वाटतं. टोकाला पोचली की सुई त्याच वाटेने परत फिरते आणि सोडलेली घरं भरत येते. गाठ कुठेच नाही, उलटी बाजू सुलटीसारखीच. मी विचारलं, पहिल्याच फेरीत सगळं का भरत नाहीस? म्हणाली, "मग परतायला वाट कुठली?"

माझी अडचण तेव्हा अशी होती की पहिल्याच दिवशी सगळं चित्र भरून टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यात शिरायला जागा नसायची. चित्र मरायचं. आता पहिल्या बैठकीत मुद्दाम घरं सोडतो. भिंत रंगवली तर दार कोरं, झाड झालं तर सावली बाकी. दुसऱ्या दिवशी परतीची फेरी. कुणी चित्र बघून त्यात कसूती ओळखणार नाही, आणि ओळखूही नये.

पिंगुळीच्या चित्रकथीचीही अशीच एक नोंद आहे. कुडाळजवळचं गाव, ठाकर समाजाची कला. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एकेक पान समोर धरून कथा गायची. ठळक बाह्यरेषा, मोठाले डोळे. घरी आल्यावर मला उमगलं की हे डोळे शैली म्हणून मोठे नाहीत, ती पानं दिव्याच्या उजेडात, लांब बसलेल्या माणसाला, गाण्याची दोन कडवी होईतो दिसायची असतात. तेवढ्यात कोण कुणावर रागावलंय हे पोचलं पाहिजे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना २०२१ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि गाव इथून एका दिवसात जाऊन येण्याजोगं.

ही नोंद मला आधी झाली असती तर एक फजिती टळली असती. बेळगावची शिवजयंती तू पाहिलीच असशील, वैशाखातली, रात्रभर चालणारे चित्ररथ. आमच्या गल्लीच्या मंडळाने आग्र्याहून सुटकेचा देखावा घेतला होता आणि मागचा पडदा माझ्याकडे. बावीस फूट गोणपाट. मी मोठ्या हौसेने मध्यरात्रीचं आभाळ प्रशियन निळ्यात रंगवलं, नुसते निळ्याचे थर. गोडाऊनमध्ये दिवसा बघून सगळे खूश. रात्री जनरेटर सुरू झाला, पिवळे हॅलोजन पेटले आणि माझं आभाळ डांबर झालं. त्याच्यापुढे काळ्या घोंगड्यातले मावळे दिसेनात. रथ रांगेत उभा, वेळ नाही. एका म्हाताऱ्या पेंटरने हिरव्याचा डबा आणून झाडूने, खरंच झाडूने, पडद्यावर मारला. दिवसा बघितलं तर शेवाळ वाटलं असतं. त्या उजेडात ते निळं दिसलं. वहीत लिहिलंय: चित्र कुठल्या उजेडात बघितलं जाणार ते आधी विचार. तिसऱ्या रकान्यात नुसतं "आभाळ" लिहिलंय आणि त्याला दोनदा अधोरेखा.

प्रवासाचं थोडक्यात. मोठ्या ठिकाणी जाऊन लगेच हात चालतो असं समजू नकोस. अजिंठा पाहून आलो आणि दोन महिने ब्रशला हात लावला नाही, इतका लहान झालो. त्याउलट बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली जैन बस्ती म्हणजे जैन मंदिर, गावातच, तिकिटाला पैसे नाहीत. छताच्या कमळाचे सगळे फोटो काढतात. मला त्या वेळी काळ्या रंगाने छळलं होतं, माझ्या चित्रांतले अंधार भोक पडल्यासारखे दिसायचे. म्हणून मी खांबांजवळ बसलो. घोटून गुळगुळीत केलेला काळा दगड. दाराकडच्या अंगाला त्यात हिरवट आभाळ, आतल्या अंगाला तपकिरी, खाली फरशीचा राखाडी, आणि मध्ये कुठेतरी खरोखरचा काळा, बोटभर. बाकी सगळा काळा दुसऱ्यांकडून आणलेला.

सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेला जाशील तेव्हा भंडाऱ्याचा पिवळा बघ, पण कपाळावरचा नको, बैलगाडीच्या चाकाखालच्या धुळीत मिसळलेला. आणि जोगतिणींची परवानगी न घेता त्यांचे फोटो काढून त्यावरून "लोकजीवन" मालिका करू नकोस. मुली देवाला सोडण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ला कायदा करावा लागला, त्या इतिहासात आयुष्यं गेलेली माणसं आहेत ती. उसनं घेतलेलं फेडायचं असतं. मावशीकडून टाका घेतला तर तिच्या सुनेकडून पदर विकत घेतला. चित्रकथी आवडली तर तिथलं पान योग्य पैसे देऊन आणावं, घासाघीस न करता.

आता तुझं खानापूर. हलशीचं भूवराह नरसिंहाचं मंदिर तुझ्या तालुक्यात, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तेही तुझ्याच तालुक्यात, पण त्यांच्याकडे मी तुला आज पाठवत नाही. तुझी चार चित्रं मी पुन्हा काढून बघितली. स्टेशनवर बसलेल्या बायका. रेघ सुरेख, साड्यांचे काठ सुरेख, आणि तरी बायका कागदातून कापून चिकटवल्यासारख्या. त्यांना पोट नाही, पाठ नाही. रेघेच्या आत हवा भरलेली नाही. ही तुझी अडचण आहे आणि प्रेरणा मिळत नाही हा त्याचाच ताप आहे. आपलं काम कुठेतरी खोटं पडतंय हे हाताला कळतं आणि हात कागदाला भ्यायला लागतो.

खानापूरची माती कौलांसाठी, कुंड्यांसाठी, माठांसाठी प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योगचं कुंभारकामाचं केंद्र तिथेच, बाहेरगावची माणसं शिकायला येतात. तू कधी चाकाशेजारी बसलीस? मातीच्या गोळ्यातून भांडं वर येतं तेव्हा सगळे बाहेरच्या हाताकडे बघतात. आतला हात बघ. तो दिसत नाही, कोपरापर्यंत गेलेला असतो, आणि मडक्याचा फुगवटा तोच काढतो. बाहेरचा हात फक्त अडवतो. पुढे माठाचं पोट ठोकून वाढवतात तेव्हाही तेच, आतून गोल दगड धरलेला, बाहेरून लाकडी थापी, आणि दोन्ही एकाच जागी एकाच वेळी. आवाजावरून कुंभाराला जाडी कळते. तू आजवर नुसत्या बाहेरच्या हाताने चित्र काढलंस.

एक आठवडा तिथे जाऊन बस. विचारून बस, आणि बसल्या बसल्या चार माठ उचलू लाग, फुकट बसलेलं माणूस कामाच्या जागी नडतं. पहिले तीन दिवस काही काढू नकोस. मग मडकी काढ, पण कडेपासून सुरुवात न करता, पोटातून बाहेर येत. त्यानंतर परत स्टेशनवर जा. लोंढ्याकडची गाडी उशिरानेच येते, बायका तिथेच असतील.

शनिवारी वर्गाला येणार असशील तर चित्रं आणू नकोस, वही आण. कोऱ्या पानांची फॅन्सी नको, आखलेली, व्यापाऱ्याची. पहिली नोंद करून आण, तिन्ही रकाने भरून. आणि येताना एक मध्यम माठ आणशील का? आमचा पावसाळ्यात फुटला. पैसे इथे देतो.